लाल टाकीला सुट्टी नसते

अन्याय झाला तो नववी 'ब'मधल्या एका मुलीवर. कधी झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणायला नको. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या परिपाठाला, प्रतिज्ञा संपून मुलं खाली बसायच्या आत. तिला पुढे बोलावलं, माइक हातात दिला आणि सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावली. गुन्हा काय? आदल्या दिवशी प्रयोगशाळेत लागलेली आग तिने विझवली होती.

लावली नव्हती. विझवली होती.

मी तिथेच होते, शेवटच्या रांगेच्या मागे. शनिवारी माझा तास असायचा म्हणून लवकर आले होते, काखेत आग विझवायची लाल टाकी घेऊन, शिकवण्यापुरती, रिकामी. माइक खरखरला. ती म्हणाली, "माझं चुकलं. मी परवानगी न घेता टाकी वापरली. मी परत कधी टाकीला हात लावणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि काखेतली टाकी मला जड झाली. जून महिन्यापासून मी त्या मुलांना जे जे शिकवत होते, ते सगळं त्या एका वाक्यात पुसलं गेलं होतं. आणि ते पुसायला शाळेने फळा-डस्टर वापरलं नाही, त्या मुलीचंच तोंड वापरलं.

मी त्या शाळेत कशी पोचले ते सांगते. बारावीनंतर मी अग्निशमनाचा सहा महिन्यांचा कोर्स केला. शिडी चढले, पाण्याचे होज ओढले, खांद्यावर माणूस घेऊन पळाले. भरतीची वाट बघितली. जाहिरात काही निघेना. तोवर कोर्समधल्या आमच्या ग्रुपबरोबर पत्रकं वाटायला लागले. नाशिक रोडला स्टेशनबाहेर, सिग्नलला, क्लासेसच्या जिन्यांत. 'तुमच्या मुलाच्या क्लासला दुसरा जिना आहे का?' अशा मथळ्याची पत्रकं. मजकूर मीच लिहायचे. चांगला सणसणीत लिहायचे. एके दिवशी संध्याकाळी भेळ घेतली तर ती माझ्याच पत्रकात बांधून आली. दुसरा जिना फरसाणाच्या तेलाने पारदर्शक झालेला. तिथंच ठरवलं, मोठ्यांना सांगून झालं, आता पोरांना शिकवायचं.

बऱ्याच शाळा फिरले. कुणी म्हणालं, परीक्षा झाल्यावर या. कुणी म्हणालं, हे पोर्शनमध्ये येत नाही. एका शाळेत मात्र मुख्याध्यापिका बाईंनी, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, शनिवारचा शेवटचा तास दिला. अट एकच. "काडी पेटवायची नाही. एकही नाही."

म्हणजे आगीशिवाय आग शिकवायची. पाण्याशिवाय पोहायला शिकवण्यासारखं. तरी शिकवली.

"कढईतलं तेल पेटलं, तर काय करायचं?" पहिल्याच तासाला मी विचारलं.

"पाणी!" अख्खा वर्ग.

"पाणी टाकलंत तर पेटतं तेल उडेल आणि भुवया शाळेतल्या फोटोतच बघायला मिळतील. गॅस बंद करायचा. झाकण ठेवायचं. आणि गार होईपर्यंत झाकण उचलून बघायचं नाही."

"ताई, माझी आई तर दर मिनिटाला झाकण उचलते," मागच्या बाकावरून एकजण.

"ती खिचडीचं उचलते रे. हे आगीचं झाकण आहे."

त्या हसण्यात एक मुलगी हसत नव्हती. दोन वेण्या, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढत बसलेली. तिने हात वर केला. "ताई, आग ही वस्तू आहे का?"

कोर्समध्ये हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, आणि आम्हीही कुणाला विचारला नव्हता. म्हटलं, "नाही. आग म्हणजे चाललेलं काम आहे. जळण, हवा आणि उष्णता, तिघं मिळून ते काम करतात. त्यातल्या एकाला उठवून बाहेर काढलं की काम बंद."

"मग झाकण ठेवून आपण हवेला बाहेर काढलं."

"बरोबर."

शाळेच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. पुढच्या शनिवारी मी वर्ग गच्चीवर नेला. तिथली आग विझू नये म्हणून माणसं पगार घेतात, आणि दुसरीकडे आग लागू नये म्हणून कुणी साधा आवाजही काढत नाही, हे सांगितलं. मग रिकाम्या टाकीवर कवायत. पिन ओढ, नळी आगीच्या बुडाकडे धर, मूठ दाब, झाडू मारल्यासारखी नळी फिरव. पाठीमागे दार मोकळं आहे ना, ते आधी बघ. ओरडून सगळ्यांना बाहेर काढ. आग तुझ्या कमरेच्या वर गेली असेल तर टाकी सोड आणि तूही पळ. मुलं ते गाण्यासारखं म्हणायची. शाळेच्या खऱ्या टाक्यांना मात्र हात लावायचा नव्हता. "त्या तपासणीच्या आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. तपासणीला साहेब येतात, टाकी बघतात, जातात. टाकी तशीच भिंतीवर.

सहामाही परीक्षा आली, माझे तास बंद झाले. मग सुट्टी. आणि सुट्टीनंतर पहिल्याच शनिवारी हे.

परिपाठ संपल्याबरोबर मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बसायला सांगायच्या आधीच बोलले. "बाई, त्या मुलीचा सत्कार व्हायला हवा होता."

"बसा आधी. टाकीतल्या पावडरीने नवे सूक्ष्मदर्शक खराब झालेत, बघितलेत?"

"मुलं जळाली नाहीत, ते बघितलं."

"शिक्षकांनी बाहेर जायला सांगितलं होतं. ती गेली नाही. उद्या तिच्या हातात ती टाकी फुटली असती तर तिच्या आईवडिलांना तोंड कुणी दिलं असतं? तुम्ही?" त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही आठवड्यातून एक तास येता. बाकीचे सगळे तास माझ्या डोक्यावर असतात."

हे त्या खोटं बोलत नव्हत्या. पण शिक्षा सांगितली ती ऐका. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीला प्रयोगशाळेत प्रवेश बंद. बाकीची मुलं प्रयोग करणार, ही वर्गात बसून मैत्रिणीच्या वहीतून निरीक्षणं उतरवणार. 'आग ही वस्तू आहे का' विचारणारी मुलगी! आणि जाता जाता माझा तासही बंद, पुढील सूचनेपर्यंत.

घरी आले आणि जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'आग विझवणाऱ्या मुलीला शिक्षा! शाळेला जाब विचारा!' मथळा मोठ्या टायपात. खाली तिची हकिगत. इतकी हळहळ लावून लिहिली की मलाच हुंदका आला. छापायच्या आधी मजकूर तिला दाखवावा म्हणून रविवारी तिच्या घरी गेले.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. अंबडला एका कारखान्यात मशीनवर काम करतात. मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले, बोलणं अजून तिकडचंच. मला बघून म्हणाले, "या, या ताई. तुमच्याच नादानं माझी पोरगी साऱ्या शाळेपुढं उभी राहिली. आता काय आणलं?"

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते लेकीकडे दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात ठेवलं.

"हे नका छापू, ताई."

"तुझं नाव घातलेलं नाही."

"तरीपण. यात मी बिचारी दिसते. मला बिचारी नाही व्हायचं. मला लॅबमध्ये जायचंय." मग म्हणाली, "आणि तुम्हीपण विचारलं नाही."

"काय?"

"मला विझवायला उशीर का झाला ते."

मग तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. एका मुलाने स्पिरिटचा दिवा गरम असतानाच भरायला घेतला. स्पिरिट सांडलं, पेटलं. उजेडात त्याची ज्योत नीट दिसतही नव्हती, टेबलावरचा कागद करपला तेव्हा कळलं. सर "बाहेर! बाहेर!" ओरडले, सगळी मुलं बाहेर आली, तीही आली. टाकी दाराबाहेरच भिंतीवर होती. सर पाण्याची बादली आणायला पळाले. बादली फेकली असती तर पेटतं स्पिरिट टेबलावरून खाली वाहिलं असतं, हे तिला माहीत होतं. तिने टाकी उतरवली. पिन ओढली, निघाली. मूठ दाबली. दबेना.

"नाडा होता ना," ती म्हणाली. "दसऱ्याचा."

आता मला कळलं. खंडेनवमीला शाळेत पूजा होते. सूक्ष्मदर्शक, संगणक, शाळेची घंटा, शिपाईमामांचं कुदळ-फावडं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. टाक्याही राखण करणाऱ्या, म्हणून त्यांचीही पूजा. गोल टाकीवरून माळ घसरते, म्हणून मुठीच्या दोन दांड्यांमधून आणि भोवती पूजेचा लाल नाडा गच्च गुंडाळून गाठ मारलेली. आणि असा नाडा आपण होऊन काढायचा नसतो, जीर्ण होऊन गळून पडेपर्यंत राहू द्यायचा असतो. मनगटावरचा ठेवतो तसा. दिवाळी होऊन गेली, झेंडू वाळून तपकिरी झाला, नाडा हळदीच्या पाण्याने कडक झाला. टाकी तशीच. तपासणीचे साहेब मध्ये येऊन गेले असते तरी हात जोडून गेले असते.

"मग?"

"दातांनी तोडला. तेवढ्यात पडद्याची खालची कड पेटली. नाहीतर नुसतं टेबलावरच विझलं असतं. तेवढी पावडर पण लागली नसती."

वडील म्हणाले, "पूजा तर आम्ही बी करतो कंपनीत. लय जोरात करतो. पण त्या दिवशी मशीन बंद राहतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आधी सगळे हार उतरवतो, मग बटण. हार असल्यावर हात लावू देत नाय."

"पप्पा," ती म्हणाली, "पण टाकी कुठं बंद असते? तिला कुठं सुट्टी असते?"

वडिलांनी मला विचारलं, "पालक सभा कधी हाय हो ताई?"

माझा पत्रकाचा मजकूर अख्खा एका पानाचा होता. त्यात हे नव्हतं.

पालक सभेत ते मागच्या खुर्चीवरून उभे राहिले. कंपनीचा शर्ट, हात मागे बांधलेले. म्हणाले, "मोठ्या बाई, माझ्या पोरीचं चुकलं का बरोबर, ते मैदानात बघू. तुमच्यासमोर. चुकली तर मी सोता तिला पुन्हा माफी मागायला लावतो. नाय चुकली तर तिला लॅबचं दार उघडा. बाकी माझं काय म्हणणं नाय."

पालकांत कुजबुज. एक आई म्हणाली, "बघूच की, काय हरकत आहे?" मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हिनेच पढवलंय, असं त्यांना वाटलं असणार. पण सभेसमोर नाही कसं म्हणणार? म्हणाल्या, "ठीक आहे. पण काडी मी ओढणार. आणि तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहणार."

पुढच्या शनिवारी मैदानाच्या मधोमध लोखंडी घमेलं ठेवलं, त्यात चिंध्या आणि थोडं डिझेल. वाळूच्या बादल्या तयार. माझ्याकडची टाकी मी भरून आणली होती. वारा येत होता त्या बाजूला पालकांना उभं केलं. ती मुलगी मात्र शाळेत गेली आणि शिक्षकखोलीच्या दारातली टाकी उचलून घेऊन आली. तिच्यावर वाळलेली माळ तशीच लोंबत होती. ती टाकी तिने मोठ्या बाईंच्या हातात दिली.

"बाई, आधी तुम्ही विझवा ना."

"मी?"

"पिन ओढायची, मूठ दाबायची. सोपं आहे."

बाईंनी काडी ओढली. घमेलं भडकलं. त्यांनी माळ बाजूला केली, पिन ओढली, मूठ दाबली. दबेना. पुन्हा दाबली. पदर खोचला, दोन्ही हातांनी दाबली.

"बाई, गाठ मागल्या अंगाला हाय!" शिपाईमामा मैदानाच्या कडेवरून ओरडले. "मीच मारलीय. पक्की हाय!"

सगळे हसले. बाई टाकी फिरवून गाठ शोधायला लागल्या. नखांनी उकलेना. "अहो, कात्री आणा कुणीतरी!" घमेल्यातला धूर काळा झाला, ज्वाळा उंच गेल्या, आणि हसू एकेक करून थांबलं. एका आईने आपल्या लहानग्याला मागे ओढलं. ते नुसतं घमेलं होतं, मोकळ्या मैदानात, तरी ओढलं.

तेव्हा माझ्या शेजारून ती पुढे झाली. मागे वळून पाहिलं, वाट मोकळी आहे. माझी टाकी उचलली. पिन. नळी बुडाकडे. मूठ. झाडू. पांढरा ढग उठला आणि खाली बसला. घमेल्यात आग नव्हती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मोठ्या बाईंच्या हातातल्या हाराच्या टाकीकडे बघत होते. बाईही.

"नाडा बांधा असं मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगेला ऐकू गेला. "माळ पडते, बरं दिसत नाही म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे दोन-तीन कडक वाक्यं तयार होती. तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी वाळूची बादली उचलली आणि घमेल्यात ओतली.

सोमवारच्या परिपाठाला मी मुद्दाम गेले. मोठ्या बाईंनी माइक घेतला. "त्या शनिवारी इथे एक माफी मागितली गेली. ती चुकीच्या व्यक्तीने मागितली. मागायला हवी होती ती मी. आज मागते." मग तिला पुढे बोलावलं. "आजपासून तू लॅबमध्ये जायचंस. पण तुझं एक वाक्य राहिलंय. परत टाकीला हात लावणार नाही म्हणाली होतीस. ते मागे घे."

"घेतलं," ती म्हणाली, इतक्या पटकन की अख्खी शाळा हसली. बाईसुद्धा हसल्या.

माझा तास परत सुरू झाला. मैदानात घमेलं पेटवायची परवानगीही मिळाली, काडी मात्र दर वेळी बाईच ओढतात.

खरं दुखावले गेले ते शिपाईमामा. कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एकदा जिन्यात गाठलं. "म्हणजे पूजा करायचीच नाय का, ताई? वर्षभर ती आपली राखण करती. एक दिवस तिला हार नको?"

तेवढ्यात मागून ती आली. "करा ना मामा. कुंकू तिच्या पोटाला लावा. माळ वर खिळ्याला अडकवा. नाडा खिळ्यालाच बांधा, हवा तेवढा घट्ट."

मामांनी विचार केला. "खिळा माझ्याकडं हाय," म्हणाले.

यंदाच्या दसऱ्याला ती दहावीत. पूजेच्या आदल्या दिवशी ती आणि मामा सगळी शाळा फिरले. प्रत्येक टाकीच्या वर एक खिळा, आणि प्रत्येक टाकीची पिन, मूठ, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते तपासलं. दसरा झाल्यावर मी गेले तर मामा स्टुलावर चढून माळा उतरवत होते आणि खाली नववीची नवी पोरं गोळा झालेली.

"का उतरवतोय, सांगा?" मामा वरून विचारत होते.

"सण झाला म्हणून."

"चूक! वाळलेलं फूल लवकर पेटतं. जळण हाय ते जळण. आगीला तीन सोबती लागतात. कोण कोण, सांग बरं तू, तो गॉगलवाला?"

मी परत फिरले. माझा तास मामांनी घेतला होता.

आता तुमच्याशी बोलते. तेव्हापासून मी जाईन त्या शाळेत टाकी शोधते. कुठे ती कपाटात कुलुपात असते, 'पोरं खेळतात' म्हणून. कुठे तिच्यावर शिक्षकांच्या छत्र्या टांगलेल्या असतात. कुठे घोषवाक्याचा बोर्ड तिच्यावरच टेकवलेला. आणि नाडे तर मोजण्यापलीकडे. हे सगळं आपण प्रेमाने केलेलं आहे, म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही.

तेव्हा उद्या सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाल, तेव्हा फाटकावरून स्कूटर वळवू नका. उतरा. आत जा. टाकी कुठे आहे ते विचारा आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहा, उभे राहा. मुठीभोवती काही बांधलेलं असेल तर शाळेला सांगा आणि तिथल्या तिथे सोडायला लावा. मग तुमच्याच मुलीला विचारा, ही वापरता येते का तुला? 'हात लावायचा नाही असं सांगितलंय' म्हणाली, तर त्याच पावली मुख्याध्यापकांच्या खोलीत जा, खुर्ची ओढून बसा, आणि तिला टाकी चालवायला कधी शिकवणार ते ठरल्याशिवाय उठू नका.